पिशवी कोणी भरायची?

श्रोतेहो, नमस्कार.

सुपरमार्केटच्या काउंटरवर एक प्रश्न दिवसभर विचारला जातो. बिल करणारी व्यक्ती मान वर न करता विचारते, "पिशवी भरून देऊ, की तुम्ही भरताय?" आपणही तितक्याच सवयीने काहीतरी उत्तर देऊन टाकतो. पण हाच विषय चार माणसांत काढून बघा. "माझ्या सामानाला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही," म्हणणारे लगेच पुढे येतात. "पैसेही आपणच मोजायचे आणि हमालीही आपणच करायची का?" असं विचारणारेही निघतात. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि गंमत म्हणजे आज एका दुकानात हट्टाने स्वतः पिशवी भरणारा माणूस उद्या दुसऱ्या दुकानात निमूटपणे हात बांधून उभा राहतो.

म्हणूनच गिऱ्हाइकाला काय आवडतं हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कुठल्या काउंटरवर आवडतं, तेही विचारायला हवं. पाठीमागे कोणी ताटकळत नसेल, समोर हातभर मोकळी जागा असेल, तर आपलं सामान आपल्या पद्धतीने लावायला बहुतेकांची ना नसते, असा माझा कयास आहे. जागा आणि वेळ हिरावून घेतली की तीच माणसं म्हणतात, द्या बाबा, तुम्हीच भरून द्या.

ही वेळ कुठे गेली, ते बघण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सेल्फ सर्व्हिसचं किराणा दुकान काही फार जुनं नाही. त्याआधी गिऱ्हाइकाने यादी सांगायची, दुकानदाराने फळीवरून वस्तू काढायची, तोलायची, बांधायची आणि हातात द्यायची. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९१६ च्या सप्टेंबरमध्ये क्लॅरेन्स साँडर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः फिरायचं, वस्तू स्वतः उचलायच्या आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. या मांडणीचं त्याने पुढच्याच वर्षी पेटंटही घेतलं. म्हणजे दुकानदाराच्या कामातला पहिला तुकडा तेव्हाच आपल्याकडे आला. आज आपण तो काम म्हणून मोजतही नाही, उलट मनासारखं निवडता येतं म्हणून खूश असतो.

पिशवी भरण्याचं काम मात्र त्यानंतरही बरीच वर्षं दुकानाच्याच अंगावर राहिलं, आणि ते जमतही होतं. बिल करणारा एकेक वस्तू हातात घेई, तिच्यावरची किंमत शोधून यंत्रावर आकडे दाबी. तेवढ्या अवधीत शेजारचा माणूस मागची वस्तू पिशवीत नीट बसवत असे. दोघांच्या हातांचा वेग जुळलेला होता. मग २६ जून १९७४ हा दिवस आला. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात च्युइंगमचं एक पाकीट बारकोड वाचणाऱ्या यंत्रावरून सरकलं, आणि सुपरमार्केटमध्ये अशा प्रकारे विकली गेलेली ती पहिली वस्तू ठरली. किंमत शोधणं संपलं, आकडे दाबणं संपलं. बिल सुसाट सुटलं, पण पिशवी भरणारे हात मात्र माणसाचेच राहिले. डबा खाली ठेवायचा, अंडी वर ठेवायची, बाटली आडवी पडणार नाही हे बघायचं, याला जेवढा वेळ १९७४ च्या आधी लागायचा तेवढाच आजही लागतो. काउंटरवरची अडचण बिलापाशी होती, ती पिशवीपाशी आली. आणि नेमक्या त्याच जागी आता तुम्ही-आम्ही उभे असतो.

तिथे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सामान धडाधड येत असतं. तुम्ही पहिल्या पिशवीचं तोंड उघडताय तोवर दहा वस्तू साचलेल्या. अर्धं भरून होतंय तोच रक्कम सांगितली जाते. आता हातातलं सोडा, कार्ड काढा, पिन दाबा, मोबाइल नंबर सांगा, सवलतीचं काय ते बघा. एवढ्यात पुढच्याचा साबण घरंगळत येऊन तुमच्या टोमॅटोला टेकलेला असतो. रांगेतलं कोणी काही बोलत नाही, पण सगळे बघतायत असं वाटत राहतं. ज्याला पिशवी भरण्याचा कंटाळा आहे असं आपण समजतो, त्याला पुष्कळदा खरा कंटाळा या नजरांचा असतो.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. काही काउंटरच्या शेवटी एक फिरता दांडा असतो. तो फिरवला की सामान साचण्याची जागा दोन भागांत वाटली जाते. तुमचं एका बाजूला, पुढच्याचं दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही सावकाश भरा. इतकी साधी वस्तू, पण तिने जितकी भांडणं टाळली असतील तितकी कुठल्याही 'गिऱ्हाईक आमचा देव' छाप पाटीने टाळली नसतील.

काही दुकानांनी तर ही दोन कामं सरळ वेगळीच केली. आल्डी ही मूळची जर्मन साखळी तिच्या काउंटरवरच्या वेगासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या पाकिटांवर बारकोड मोठे आणि अनेक बाजूंना छापलेले असतात, म्हणजे बिल करणाऱ्याला वस्तू फिरवत बसावं लागत नाही. काउंटरवर पिशवी भरायची सोयच नसते. सामान थेट ट्रॉलीत परत टाकायचं आणि भिंतीलगतच्या फळीवर नेऊन भरायचं. पहिल्यांदा जाणारा गांगरतो. जपानच्या सुपरमार्केटमध्येही भरण्याची जागा वेगळीच असते, पण सगळा बाज निराळा. बिल करणारी व्यक्ती एका टोपलीतली वस्तू दुसऱ्या टोपलीत रचत जाते, तीही खालीवर काय ठेवायचं याचा विचार करून. मग ती टोपली घेऊन तुम्ही पलीकडच्या टेबलावर जायचं. तिथे मागे कोणी उभं नसतं. मला विचाराल तर सगळ्यांत शहाणी पद्धत हीच, कारण तिथे दुकानाचा वेग कमी होत नाही आणि गिऱ्हाइकाचाही जीव घाबरा होत नाही.

उलट बाजूचं उदाहरण वॉलमार्टचं आहे. ही अमेरिकी कंपनी १९९७ मध्ये जर्मनीत शिरली आणि २००६ मध्ये तिथून बाहेर पडली. तिच्या अपयशाची कारणं पुष्कळ होती. स्पर्धा कडवी होती, कायदे वेगळे होते, दुकानांच्या जागा सोयीच्या नव्हत्या. पण त्या कारणांच्या यादीत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. दारात हसून स्वागत करणारी आणि काउंटरवर पिशवी भरून देणारी माणसं तिथल्या गिऱ्हाइकांना रुचली नाहीत. ज्याला एका देशात सेवा म्हणतात, ती दुसऱ्या देशात आगाऊपणा वाटू शकते. नुसता व्यवसायाचा ताळेबंद बघणाऱ्याला हे लवकर पटत नाही.

पण म्हणून पिशवी भरणं हे बिनडोक काम आहे असं कोणी समजू नये. अमेरिकेत किराणा दुकानदारांची राष्ट्रीय संघटना १९८७ पासून पिशवी भरण्याची चक्क स्पर्धा घेते. तिथे नुसता वेग बघत नाहीत. पिशवीची रचना कशी केली, वजन सगळ्या पिशव्यांत सारखं वाटलं का, वागणं-बोलणं कसं होतं, या सगळ्याला गुण असतात. कसलेला माणूस आधी चौकोनी खोकी कडेने उभी करून पिशवीला भिंती तयार करतो, मध्ये जड डबे बसवतो, आणि पाव, अंडी, पिकलेली फळं शेवटी वर ठेवतो. आपण घाईत बरोबर उलटं करतो, कारण जे आधी हाताला लागेल ते आधी आत जातं.

इथे एक छोटी युक्ती सांगते. पिशवी भरण्याची सुरुवात काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर होते. जड आणि कडक वस्तू पट्ट्यावर आधी ठेवा, नाजूक शेवटी, आणि फ्रीजमधल्या सगळ्या एकत्र. मग भरणारे हात कोणाचेही असोत, ढीग आपोआप योग्य क्रमाने येतो. भरून देणाऱ्याला मी अंडी आधी दिली, तर त्याने तरी काय करावं?

तरीही कसलेल्या माणसाला एक गोष्ट कधीच कळणार नाही, आणि ती म्हणजे ते सामान पुढे कुठे जाणार आहे. तो पिशवी चांगली भरतो, तुम्ही घर डोळ्यांपुढे ठेवून भरता. ही एक पिशवी शेजारच्या आजींची, ही दुसरी आधी उघडायची, ही तिसरी मूल उचलणार म्हणून हलकी ठेवायची, हे सगळं तुमच्या डोक्यात असतं. जिने चढायचे आहेत की गाडी दारापर्यंत जाणार आहे, हेही तुम्हालाच माहीत. कोणाचे आहाराचे नियम कडक असतात, त्यांना अमुक वस्तूला तमुक वस्तूचा स्पर्शही नको असतो. आणि आहाराचे नियम बाजूला ठेवले तरी आरोग्याचा एक नियम सगळ्यांनाच लागू आहे. कच्चं मांस-मासे आणि तसंच खायचं अन्न एकमेकांपासून वेगळं ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत सांगते. फिनाइलची बाटली आणि ब्रेड एका पिशवीत का नको, हे सांगायला तर संघटनाही लागू नये. ज्यांना स्वतः भरायचं असतं त्यांच्या हट्टामागे बहुधा असलं काहीतरी असतं. नुसत्या लहरीपोटी कोणी रांगेत घाम गाळत नाही.

आता पिशवीकडेही जरा बघू. सपाट बुडाची, आपल्या पायावर उभी राहणारी कागदी पिशवी बनवण्याच्या यंत्राचं पेटंट चार्ल्स स्टिलवेलने १८८३ मध्ये घेतलं. पिशवी स्वतःहून उभी राहिली की भरणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे होतात. पुढे बंदांची प्लास्टिकची पिशवी आली. स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याची ही रचना १९६५ मध्ये पेटंटबद्ध झाली. ती उभी राहत नाही, पण तारेच्या स्टँडवर अडकवली की तोंड वासून तयार. दोन्ही पिशव्या भरून देणाऱ्याच्या सोयीच्या होत्या. मग पर्यावरणाचा विचार आला. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर कर बसवला, इंग्लंडने २०१५ मध्ये तिच्यासाठी पैसे आकारणं सक्तीचं केलं, जपानने २०२० मध्ये. लोक घरून पिशव्या आणू लागले. घरून आणलेली कापडी पिशवी उभी राहत नाही, स्टँडवर बसत नाही, आणि दर गिऱ्हाइकाची निराळी. कोणाची लांबोडकी, कोणाची आत कप्पे असलेली. अशी पिशवी परक्या माणसाने भराभर भरावी कशी? शिवाय आपली पिशवी आपल्या हातात आली की ती भरण्याचा हक्कही आपलाच वाटतो. प्लास्टिक कमी करायला निघालेल्या नियमांनी भरण्याचं कामही मुकाट्याने आपल्याकडे सरकवलं, याची चर्चा फारशी होत नाही.

यंत्रावर स्वतः बिल करायची सोय आली तेव्हा वाटलं होतं की आता तरी आपला वेग आपल्या हाती आला. तसं झालं नाही. अशा पुष्कळ यंत्रांत पिशवी ठेवायच्या जागेखाली वजनकाटा असतो. वस्तू दाखवली की ती लगेच तिथे ठेवावी लागते, नाहीतर यंत्र कुरकुरतं. वस्तू उचलून पिशवी बदलली तरी कुरकुरतं. म्हणजे क्रम लावायची मुभाच नाही. त्यापेक्षा फळीवरून उचलतानाच वस्तू स्कॅन करून थेट आपल्या पिशवीत टाकायची पद्धत बरी. तिथे एकेक वस्तू आत जाताना विचार करायला सवड मिळते आणि काउंटरवर ढीग साचतच नाही.

आणि ज्यांना खरोखरच मदत हवी असते त्यांचं काय? सांधे दुखतात, एक हात प्लास्टरमध्ये आहे, कडेवर पोर आहे. अशा माणसाला "भरून देऊ का?" असं विचारलं तर संकोचाने "नको, नको" म्हणून बाटल्यांशी झटापट करतानाही दिसेल. त्याला विचारण्यापेक्षा दोन वस्तू उचलून आत ठेवायला सुरुवात करावी, तो आपण होऊन पिशवी पुढे करतो. याउलट जो आधीच पिशवीचं तोंड पसरून उभा आहे, त्याच्या सामानाला न विचारता हात घालू नये. काही खरेदी खाजगीही असते. औषध असतं, आणखी काही असतं, आणि ते अनोळखी हातांतून फिरू नये असं वाटणं अगदी साहजिक आहे. हे ओळखायला प्रशिक्षण लागत नाही, समोर बघायला फुरसत लागते, आणि काउंटरवर नेमकी तीच नसते.

एक बाब राहिली, पैशांची. मेक्सिकोत सुपरमार्केटच्या काउंटरवर वयस्कर मंडळी पिशव्या भरून देत असत. दुकानाचा पगार त्यांना नव्हता, गिऱ्हाइकांच्या बक्षिशीवर त्यांची मिळकत होती. २०२० मध्ये साथ आली, वयामुळे त्यांना घरी पाठवलं गेलं, आणि नंतर काही मोठ्या दुकानांनी त्यांना परत बोलावलंच नाही. तिथे "मी माझं भरतो" म्हणण्याचा अर्थ समोरच्याच्या कमाईपर्यंत जात होता. जिथे पगारी माणूस होता तिथेही तो हटला की वाचलेला पगार दुकानाच्या खिशात राहतो, भरण्याचे कष्ट तेवढे आपल्या हातात येतात. स्वतः पिशवी भरायला माझी काही तक्रार नाही. मला ते आवडतंही. पण ज्या दुकानाने हे काम माझ्यावर सोपवलं आहे, त्याने काउंटरला तो फिरता दांडा आणि भिंतीलगत एक टेबल तरी द्यावं, आणि ज्याला भरून हवं आहे त्याच्यासाठी निदान एका काउंटरवर पगारी माणूस ठेवावा.

नमस्कार.