कंपायलरने किती वेळ घ्यावा?

मित्रहो, १९५७ साली फोर्ट्रान भाषेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीन कोडमध्ये उतरवणारा प्रोग्राम) आला, तेव्हा जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एकच धास्ती होती: हाताने लिहिलेल्या असेम्ब्लीच्या (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेच्या) तोडीचा कोड निघाला नाही, तर हे वापरणार कोण? म्हणून त्यांनी ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे निघणारा कोड वेगवान करण्यावर, जीव ओतला. १९८३ च्या टर्बो पास्कल या कंपायलरने उलटी वाट धरली. सोर्स एकदाच वाचायचा आणि वाचता वाचताच मशीन कोड काढून मोकळं व्हायचं. कोड काही फार चलाख नसे, पण कंपाइलसाठी थांबावं लागत नसे. लोक त्यावर फिदा झाले.

हा वेळ नेमका जातो कुठे? रजिस्टरचं वाटप घ्या. प्रोसेसरकडे रजिस्टर, म्हणजे हाताशी असलेल्या झटपट जागा, मोजकी, व्हेरिएबल ढीगभर. ग्राफ रंगवण्याच्या पद्धतीत एकाच वेळी जिवंत असलेली (ज्यांची किंमत अजून लागणार आहे अशी) व्हेरिएबल रेषांनी जोडतात, आणि जोडलेल्या कोणत्याही दोघांना एकच रजिस्टर द्यायचं नाही असं कोडं सोडवतात. उत्तर छान येतं, पण फंक्शन मोठं झालं की ग्राफ फुगतो. १९९९ मध्ये पोलेटो आणि सरकार यांनी 'लिनिअर स्कॅन' मांडला: प्रत्येक व्हेरिएबल कुठून कुठपर्यंत लागतं ते क्रमाने लावा, एकदाच वरून खाली जा, रजिस्टर वाटत सुटा. संपली तर एखाद्याची रवानगी मेमरीत. कोड थोडा उणा, काम झटपट. प्रोग्राम चालू असतानाच कंपाइल करणाऱ्या जेआयटीवाल्यांना हे मानवलं नसतं तरच नवल.

पण मला विचाराल तर अर्धा निकाल भाषा आखतानाच लागलेला असतो. रस्ट भाषेत एक जेनेरिक (वेगवेगळ्या टाइपवर चालणारं) फंक्शन पाच टाइपसाठी वापरलं, की साधारणपणे त्याच्या पाच प्रती निघतात आणि पाचही, त्यांचा मशीन कोड काढणाऱ्या एलएलव्हीएमच्या गळ्यात पडतात. कॉल थेट होतात, इनलाइन होऊ शकतात, म्हणजे कॉलच्या जागीच फंक्शनचा कोड बसतो. बिल्ड मात्र रेंगाळतो. गो भाषेत जेनेरिक २०२२ साली, १.१८ आवृत्तीत आले. तिथे सगळ्या पॉइंटर टाइपना मिळून एकच प्रत, सोबत टाइपची माहिती देणारी डिक्शनरी. कोड कमी, पण मेथडचा कॉल वळसा घेऊन जातो. न वापरलेला इम्पोर्ट (ओढून घेतलेलं दुसरं पॅकेज) ही गोमध्ये थेट एरर, चक्राकार इम्पोर्टला तर मज्जावच. नवख्यांना हा जाच वाटतो; बिल्डचा वेग मात्र अशाच जाचातून येतो.

कोणी म्हणेल, चुका शोधायचा डीबग बिल्ड वेगळा, लोकांना द्यायचा ऑप्टिमाइझ केलेला रिलीज वेगळा, मग भांडण कसलं? मला हे अर्धंच पटतं. रस्ट काय, सी प्लस प्लस काय, त्यांची 'फुकट' अमूर्तता, म्हणजे वेग न गमावता मिळणारी सोयीची मांडणी, इनलाइनिंगच्या जिवावर उभी आहे. ऑप्टिमायझेशन बंद केलं, की इटरेटरची (यादीतला एकेक घटक हाती देणाऱ्या सोयीची) एकेक पायरी खराखुरा फंक्शन कॉल होते आणि एखादं सिम्युलेशन इतकं रांगतं की डीबग बिल्डमध्ये तपासायचं काय, हाच प्रश्न पडतो.

रस्टचं बिल्ड साधन असलेल्या कार्गोमध्ये आपला कोड तसाच ठेवून फक्त डिपेंडन्सी (बाहेरून घेतलेल्या लायब्ररी) ऑप्टिमाइझ करता येतात. सोय झकास आहे, डिपेंडन्सी रोज थोड्याच बदलतात! पण त्यांतलं जेनेरिक फंक्शन तुमच्या टाइपसाठी वापरलं, की त्याची प्रत सहसा तुमच्याच क्रेटमध्ये (रस्टच्या पॅकेजमध्ये) निघते आणि तिला तुमचीच सेटिंग लागू होते.