एकच पोस्ट, पण पत्ते किती?

समजा स्क्रीनवर दोन विंडो आहेत, डावीकडे मॅस्टोडॉनचा, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या सोशल नेटवर्कचा एक सर्व्हर आणि उजवीकडे दुसरा. पोस्ट एकच आहे, लिहिणारा तोच, शब्द तेच, फोटो तोच. आता वर ॲड्रेस बारकडे बघा. डोमेन वेगळं, आणि शेवटचा तो लांबलचक नंबर, तोही वेगळा. बरं, यातली एकही लिंक खोटी नाहीये, आपापल्या जागी दोन्ही चालतात. खरा घोळ ती लिंक कुणाला तरी पाठवली की सुरू होतो.

मॅस्टोडॉन आणि त्याच्यासारखे लेमी, पिक्सेलफेड हे सगळे ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या नियमांवर चालतात, जानेवारी २०१८ मध्ये वेबचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तो स्टँडर्ड म्हणून मान्य केला. इथे सगळ्यांचा मिळून एक मोठा डेटाबेस असं काही नसतं. तुमची पोस्ट तुमच्या सर्व्हरवर राहते, आणि तुम्हाला फॉलो करणारे ज्या ज्या सर्व्हरवर आहेत तिथे तिची एकेक कॉपी जाते, आणि तो सर्व्हर आपल्याकडच्या कॉपीला स्वतःचा नंबर देऊन टाकतो. म्हणजे शंभर सर्व्हरवर पोचलेली पोस्ट शंभर वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसू शकते.

आता स्टँडर्ड बनवणाऱ्यांनी हा विचार केला नव्हता का? केला होता. प्रत्येक पोस्टला एक आयडी हवा, तो सगळ्या जगात एकमेव हवा आणि तो मूळ सर्व्हरच्याच डोमेनवर हवा, हे ॲक्टिव्हिटीपबमध्ये सरळ लिहिलेलं आहे. कॉपी घेणारा प्रत्येक सर्व्हर हा मूळ आयडी जपून ठेवतो, बूस्ट (दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवणं) आणि रिप्लाय त्याच्यावरच चालतात. मशीन एकमेकांत कधीच गोंधळत नाहीत, गोंधळतो तो माणूस, कारण त्याच्यासमोर ॲड्रेस बारमध्ये लोकल पत्ता येतो आणि माणूस काय करतो, तर जे समोर दिसतं तेच कॉपी करतो. यात त्याची काही चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही.

पुढे काय होतं बघा. तुम्ही लिंक पाठवलीत, मैत्रिणीने उघडली, तिचं अकाउंट तिसऱ्याच सर्व्हरवर आहे. तुमच्या सर्व्हरच्या दृष्टीने ती अनोळखी, मूळ सर्व्हरच्याही दृष्टीने अनोळखीच, त्यामुळे तिला लाइक करायचंय, उत्तर द्यायचंय, तर समोर येतो लॉगिनचा बॉक्स. अकाउंट असूनसुद्धा! नवीन माणूस इथेच कंटाळतो, आणि मग लिंक सोडून स्क्रीनशॉट फिरायला लागतात, ज्यात ना मूळ लेखकापर्यंत जाता येत ना खाली चाललेली चर्चा दिसत.

यावर एक उपाय आहे पण तो कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मूळ लिंक उचलायची आणि आपल्या सर्व्हरच्या सर्च बॉक्समध्ये टाकायची. सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन पोस्ट मागतो, आणि गंमत म्हणजे पत्ता तोच असला तरी ब्राउझरने मागितलं तर पान मिळतं आणि सर्व्हरने मागितलं तर डेटा मिळतो. मग पोस्ट तुमच्या घरी, तुमच्या लॉगिनमध्ये उघडते. लोकल कॉपीची लिंक टाकली तर मात्र हे हमखास जमेलच असं नाही, म्हणून पाठवताना पोस्टच्या मेनूमधलं कॉपी लिंक वापरा, मॅस्टोडॉनवर तिथून मूळ पत्ता मिळतो.

पण समजा मूळ पत्ताच गेला तर?

फेब्रुवारी २०२४. क्वीर डॉट एएफ नावाचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन आणि त्याचा ताबा तालिबान सरकारकडे, त्यांनी ते डोमेन बंद केलं. पोस्टचा डेटा कुणी पुसला नव्हता, पण प्रत्येक पोस्टचा आयडी त्या डोमेनवर टांगलेला, त्यामुळे बाहेर जिथे जिथे ती लिंक दिली गेली होती तिथे ती एका फटक्यात मेली. मॅस्टोडॉनमध्ये अकाउंट दुसरीकडे हलवता येतं हे खरं, पण त्यात फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. वर्षानुवर्षं लिहिलेलं सगळं मागेच राहतं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण सर्व्हर चालवणारे बरेचदा एकटेदुकटे, हौसेने चालवणारे लोक असतात, ते थकले की सर्व्हर बंद होणारच.

ब्लूस्काय हे दुसरं सोशल नेटवर्क ज्यावर चालतं त्या एटी प्रोटोकॉलने इथे वेगळा रस्ता धरला. तिथे पोस्टचा खरा पत्ता सर्व्हरला बांधलेलाच नाही, तो डीआयडीला, म्हणजे लेखकाच्या कायमच्या ओळखीला बांधलेला आहे. हँडल, म्हणजे दिसणारं युजरनेम बदला, डेटा दुसऱ्या सर्व्हरवर न्या, पत्ता तोच. शिवाय रिपोस्ट करताना पत्त्याबरोबर मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसाही जातो, म्हणजे मागाहून काही बदललं तर ते पकडता येतं. नॉस्टर नावाचा आणखी एक प्रोटोकॉल तर अजून पुढे जातो, तिथे पोस्टचा आयडी हाच तिच्या मजकुराचा, लेखकाच्या कीचा (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीचा) आणि वेळेचा मिळून काढलेला हॅश. कुठल्याही रिलेवरून, म्हणजे पोस्ट साठवणाऱ्या तिथल्या सर्व्हरवरून आणा, आयडी तोच राहणार, पण ती पोस्ट नेमकी कुठल्या रिलेवर सापडेल हे त्या नुसत्या आयडीतून कळत नाही, म्हणून लिंकमध्ये रिलेची नावंही घालायची सोय करावी लागली.

माझं मत विचाराल तर पत्ता लेखकाला बांधणं हेच बरोबर आहे. ब्लूस्कायच्या बाबतीत एक खटकतं, बहुतेक डीआयडींची नोंद जिथे होते ती डिरेक्टरी त्याच कंपनीने उभारलेली आहे, पण सर्व्हर बदलला की लिंक मेली यापेक्षा ते कितीतरी बरं. ॲक्टिव्हिटीपबच्या बाजूनेही काम चालू आहे, डोमेनपासून सुटलेल्या आयडीचे प्रस्ताव लिहिले गेलेत. आणि वेब प्लस एपी नावाच्या वेगळ्या लिंकचीही कल्पना आहे, की ती दाबली की ब्राउझरने थेट तुमच्याच सर्व्हरवर पोस्ट उघडावी, फक्त सफारीत वेबसाइटला अशी लिंक आपल्याकडे घेण्याची सोयच नाहीये.

तोवर एक करता येईल. ब्लूस्कायची लिंक कुठे कायमची द्यायची असेल तर तिच्यातलं हँडल काढून तिथे त्या अकाउंटचा डीआयडी टाका. लिंक तशीच उघडते, आणि उद्या त्या माणसाने हँडल बदललं तरी उघडेल.