फिलाडेल्फियाचा फ्रँक फर्नेस

नमस्कार मंडळी! पाहुणे आले की आपण सगळे त्यांना लिबर्टी बेल दाखवतो, आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर फोटो काढतो आणि घरी येतो. पण या शहराला स्वतःचा असा चेहरा ज्याने दिला त्या आर्किटेक्ट फ्रँक फर्नेसचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

जन्म १८३९चा, इथलाच. वडील पाद्री, गुलामगिरीचे कट्टर विरोधक. न्यूयॉर्कला रिचर्ड मॉरिस हंट या आर्किटेक्टच्या हाताखाली शिकला, तेवढ्यात यादवी युद्ध सुरू झालं आणि हा घोडदळात गेला, कॅप्टन झाला. जून १८६४मध्ये व्हर्जिनियात ट्रेव्हिलियन स्टेशनच्या लढाईत एका चौकीवरचा दारूगोळा संपत आला होता, मधे उघडं मैदान, समोरून गोळ्या चालूच, आणि हा पठ्ठ्या काडतुसांची पेटी उचलून ते मैदान पार करून गेला. त्यासाठी त्याला १८९९मध्ये मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेतला शौर्याचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं, आणि ते मिळालेला आर्किटेक्ट अमेरिकेत हा एकच.

आता काम. तेव्हाचं फिलाडेल्फिया म्हणजे रेल्वे, लोखंड आणि कारखान्यांचं शहर, याचे क्लायंटही त्याच धंद्यातले. बाकीचे आर्किटेक्ट लोखंड दगडामागे लपवायचे, हा ते सरळ दाखवायचा. ब्रॉड आणि चेरी स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची पेनसिल्व्हेनिया अकादमी ऑफ द फाइन आर्ट्स बघा, १८७६ची, पार्टनर जॉर्ज ह्यूइट बरोबर केलेली. आत जिन्यावर निळं छत आणि त्यावर चंदेरी तारे, लाल भिंतींवर सोनेरी फुलं, सगळे तेच बघतात. पण तुम्ही चेरी स्ट्रीटच्या बाजूला जा आणि मान वर करा, वरची विटांची भिंत पेलणारी लोखंडी तुळई बाहेरून उघडी दिसते, काही झाकलेलं नाही. १८७६ला एवढी हिंमत!

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ इथे मेडिकलला होत्या, तेव्हा फर्नेसचं ऑफिस अगदी जोरात होतं, म्हणजे त्या ज्या फिलाडेल्फियात राहिल्या ते फर्नेसचं फिलाडेल्फिया.

माझी सगळ्यात लाडकी इमारत मात्र पेन युनिव्हर्सिटीची लायब्ररी, १८९१ची, आता तिला फिशर फाइन आर्ट्स लायब्ररी म्हणतात. बाहेरून लालभडक, वीट, दगड, टेराकोटा. वाचनाचा हॉल चार मजले उंच, आणि पुस्तकांचा भाग त्यापासून वेगळा, त्याच्यावर काचेचं छप्पर आणि मधल्या मजल्यांच्या जमिनीही काचेच्या, म्हणजे दिवसाचा उजेड खालपर्यंत पोचावा. शिवाय पुस्तकं वाढली की मागची भिंत जॅकवर सरकवून इमारत लांबवायची अशी सोय त्याने योजली होती! खिडक्यांवर शेक्सपियरची वगैरे वचनं आहेत, ती निवडली त्याच्या थोरल्या भावाने, तो शेक्सपियरचा मोठा अभ्यासक.

तरुण लुई सलिव्हन १८७३मध्ये याच्याकडे काही महिने नोकरीला होता, मग मंदी आली आणि नोकरी गेली. पुढे शिकागोच्या गगनचुंबी इमारतींमुळे सलिव्हनचं नाव झालं, पण आत्मचरित्रात त्याने फर्नेसबद्दल फार प्रेमाने लिहिलंय.

आणि एवढ्या माणसाचं काय झालं? शतक संपता संपता पांढऱ्या, रोमन थाटाच्या इमारतींची फॅशन आली, याचं काम लोकांना कुरूप वाटायला लागलं, १९१२मध्ये तो गेला तेव्हा फार कुणाला पत्ताही नव्हता. मग पाडापाडी. १९५३ला ब्रॉड स्ट्रीट स्टेशन गेलं, नंतर चेस्टनट स्ट्रीटवरची प्रॉव्हिडंट बँक, १९६३ला बी अँड ओ रेल्वे कंपनीचं स्टेशन, सगळी याचीच कामं. मला याचा मनापासून राग येतो, कारण बँकेचा फोटो बघितला तरी कळतं की अशी इमारत पुन्हा कुणी बांधणार नाही. लायब्ररी वाचली हे आपलं नशीब. प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट १९५७मध्ये ती बघून गेला आणि हे कलावंताचं काम आहे असं म्हणाला, आणि पुढे व्हेंचुरी आणि स्कॉट ब्राउन या आर्किटेक्ट जोडीच्या ऑफिसने ती नीट दुरुस्त केली.

अजून बरंच शिल्लक आहे. चेस्टनट हिल ईस्ट लाइनवरचं ग्रेव्हर्स लेन स्टेशन त्याचंच, आणि अ‍ॅमट्रॅकने वॉशिंग्टनला जाताना लागतं ते विल्मिंग्टन स्टेशनही. शनिवारी आपण काही जण अकादमी आणि लायब्ररी बघायला जाणार आहोत, मुलांनाही आणा, आणि ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या वेळी मला नाव सांगा.