त्या चित्रात कुणाला जागा मिळते?

मंडळी, ‘बोजॅक हॉर्समन’ ही माणसांसारख्या वागणाऱ्या प्राण्यांची अमेरिकन ॲनिमेशन मालिका तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे, म्हणून कथा सांगत बसत नाही. २०१४ ते २०२०, सहा पर्वं. जुन्या प्रसिद्धीत आणि दारूत बुडालेला तो घोडा आपल्याला चांगला ठाऊक आहे. मला बोलायचंय त्यातल्या डायॅन या लेखिकेच्या एकटेपणाबद्दल. पण त्याआधी एका कुत्र्याची गोष्ट सांगू द्या, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मालिकेचा कर्ता राफाएल बॉब-वॅक्सबर्ग यानेच हा किस्सा लिहिलाय. पहिल्या पर्वात एक प्रसंग होता. एक लाळ गाळणारा कुत्रा आणि ती लाळ अंगावर घेणारा शेजारी, एवढाच विनोद. पात्रांची रूपं ठरवणाऱ्या लिसा हॅनवॉल्टने चित्रं पाठवली, तर दोन्ही पात्रं बायका! हा बिचकला. विनोद उगाच गुंतागुंतीचा होईल, असं त्याला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की दोघं पुरुष असते तर हा विचार मनात आलाच नसता. पात्र म्हणजे पुरुष हे आधीच गृहीत, आणि बाई काढायची तर त्याला कारण हवं!

चित्रीकरणात रस्त्यावरचा एखादा माणूस चुकून चौकटीत शिरू शकतो. ॲनिमेशनमध्ये कुणीच चुकून येत नाही. मागून जाणारी बाईसुद्धा कुणीतरी काढते, कुणीतरी रंगवते, कुणीतरी मंजूर करते. म्हणून ‘आमच्या लक्षातच आलं नाही’ ही सबब तिथे मला चालत नाही. तशी ती कुठेच चालत नाही म्हणा. हिंदी सिनेमात घरकामाची बाई आणि हवालदार मराठीच का, हे मी किती वर्षं विचारते आहे! मुंबईत मराठी डॉक्टर नाहीत? वकील नाहीत? (हात वर करू नका, दिसताय मला.) आणि अपू! ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेतला आपला भारतीय दुकानदार. १९९० पासून त्याचा आवाज गोऱ्या हँक अझारियाचा. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदवीराने त्यावर अख्खा माहितीपट काढला, तेव्हा कुठे गांभीर्याने चर्चा झाली. अझारियाने ती भूमिका सोडली २०२० मध्ये. तीस वर्षं!

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा.

डायॅन न्यूएन बॉस्टनची, व्हिएतनामी वंशाची. तिचा आवाज ॲलिसन ब्रीचा, म्हणजे गोऱ्या अभिनेत्रीचा. सुरुवातीच्या पर्वांत तिच्या मुळांना लेखकांनी फारसा हात घातला नाही, आणि ही उणीव बॉब-वॅक्सबर्गने पुढे जाहीरपणे मान्य केली. २०१८ मध्ये पाचव्या पर्वाचा दुसरा भाग आला. घटस्फोटानंतर डायॅन व्हिएतनामला जाते. लोक तिच्याशी व्हिएतनामीत बोलतात, तिला ओ की ठो कळत नाही. तिथे आलेल्या सिनेमावाल्यांतला एक अमेरिकन मात्र तिला तिथलीच समजतो, आणि तीही तसं भासवत राहते. इथे परकी, तिथेही परकी. तोवर तिचं दुःख कुणाही हुशार, खिन्न लेखिकेचं असू शकलं असतं. या भागात ते फक्त तिचं झालं. प्रतिनिधित्व हा कथेला बाहेरून जोडलेला विषय आहे असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

बोजॅकच्या घरी राहणाऱ्या टॉडचंही तसंच. २०१६ मध्ये त्याला स्वतःचं काही उमगत नाही. पुढच्या पर्वात तो स्वतःला अलैंगिक, म्हणजे लैंगिक आकर्षण न वाटणारा, म्हणवतो, आपल्यासारख्यांना भेटतो, आणि इतका वेळ नुसता गमत्या वाटणारा पोरगा पहिल्यांदा पूर्ण दिसतो. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

जून २०२० मध्ये ब्रीने डायॅनला आवाज दिल्याबद्दल माफी मागितली. योग्यच केलं. पण मालिका जानेवारीतच संपली होती. व्हिएतनाममधली ती डायॅन आता कायम त्याच आवाजात ऐकावी लागणार, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.