पावडरीतला कण आणि जमिनीवर उभी विमानं

[दृश्य: विमानतळाच्या कडेला उभं केलेलं एअरबसचं ए320 निओ. एका पंखाखाली इंजिन नाही.]

या विमानाच्या पंखाखाली जे पिवळं धूड लटकतंय, ते इंजिन नाही, नुसतं वजन आहे. इंजिन उतरवलं की पंखावरचा भार जातो आणि विमानाचा तोल बदलतो. तो सांभाळायला इंजिनाच्या जागी वजन टांगतात. दुसऱ्या बाजूच्या इंजिनाच्या तोंडाला लाल कव्हर घातलंय, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्यात. चाकं ठरावीक दिवसांनी थोडी फिरवावी लागतात, नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटे पडतात. विमान उडो न उडो, त्याचं भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं.

2023 नंतर अशी शेकडो विमानं जगभर उभी राहिली. वैमानिक होते, प्रवासीही होते. इंजिनं नव्हती.

[दृश्य: इंजिनाचा पंखा, समोरून]

हे प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन कंपनीचं जीटीएफ, म्हणजे गिअर्ड टर्बोफॅन. पुढचा मोठा पंखा सावकाश फिरला तर चांगलं काम देतो, मागची टर्बाईन, म्हणजे गरम वायूने फिरणारं चाक, जोरात फिरली तर. दोघं एकाच शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, असले की दोघांनाही तडजोड करावी लागते. प्रॅटने मध्ये गिअरबॉक्स घातला. आता टर्बाईनच्या तीन फेऱ्यांमागे पंख्याची एक फेरी होते. त्यामुळे पंखा 81 इंच व्यासाचा करता आला, आणि आधीच्या पिढीपेक्षा सुमारे 16 टक्के इंधन वाचेल असं कंपनीने सांगितलं. भारतात विमान कंपन्यांचा सगळ्यात मोठा खर्च इंधनावर होतो, त्यामुळे हा आकडा फार मोठा होता. इंडिगोने मार्च 2016 मध्ये पहिलं निओ ताब्यात घेतलं, आणि मुंबईच्या गोएअरने त्याच वर्षी.

सगळ्यांना धास्ती गिअरबॉक्सची होती. तो टिकला. अडचणी आल्या त्या इतर भागांत. बंद केलेल्या इंजिनाचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, असमान थंड होऊन किंचित वाकायचा, म्हणून सुरुवातीच्या काळात इंजिन चालू करायलाच पाच मिनिटांहून जास्त लागत. पुढे ज्वलनकक्षाच्या अस्तराची तक्रार आली, मग एका सीलची. त्या सीलपायी मार्च 2018 मध्ये डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने इंडिगो आणि गोएअरची मिळून 11 विमानं थांबवली. नंतर लो-प्रेशर टर्बाईनची पाती बदलावी लागली. हे सगळं त्रासाचं होतं, पण सुधारलेला भाग बसवला की प्रश्न मिटत होता. पुढचा दोष मात्र धातूच्या पोटातच होता.

[दृश्य: टर्बाईनची डिस्क, अगदी जवळून]

ही हाय-प्रेशर टर्बाईनची डिस्क. हिच्या कडेच्या खाचांमध्ये पाती बसतात. पूर्ण जोरात असताना ही मिनिटाला 20,000 हून जास्त फेरे घेते. पातं तुटलं तर ते इंजिनाच्या आवरणात अडकावं अशी रचना असते. डिस्क फुटली तर तिचा तुकडा आवरण अडवू शकत नाही. तो पंखातून, इंधनाच्या टाकीतून, केबिनमधूनही जाऊ शकतो.

इतका ताण साध्या ओतीव धातूला झेपत नाही. म्हणून निकेलचा मिश्रधातू वितळवून वायूच्या झोताने त्याचे थेंब उडवतात. थेंब थिजले की पिठासारखी बारीक पावडर होते. ती चाळून, डब्यात भरून, हवा काढून, उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात, मग फोर्जिंग, म्हणजे दाबून घडवणं, आणि शेवटी कातकाम. धातूची ठेवण सगळीकडे एकसारखी होते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. पण पावडरीत परका कण शिरला, तर तो कायमचा आत राहतो. प्रत्येक उड्डाणात डिस्कवर ताण चढतो आणि उतरतो, त्याला एक सायकल म्हणतात. पुरेशा सायकलनंतर त्या कणापाशी चीर सुरू होते, आणि तीही पृष्ठभागाच्या खाली.

याची चाहूल आधी लागली होती. मार्च 2020 मध्ये व्हिएतनाममध्ये एका ए321 चं जुन्या पिढीचं व्ही2500 इंजिन उड्डाणाच्या वेळी फुटलं. त्याची डिस्कही अशाच पावडरीची होती. डिसेंबर 2022 मध्ये एका ए320 निओच्या जीटीएफमध्ये काँप्रेसरचा, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचा, रोटर निकामी झाला आणि टेक-ऑफ थांबवावा लागला. 25 जुलै 2023 ला प्रॅटची मालक कंपनी आरटीएक्सने जाहीर केलं, की 2015 च्या अखेरीपासून 2021 च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंतच्या पावडरीत अशुद्ध कण असू शकतात.

[दृश्य: वर्कशॉपमध्ये उलगडलेलं इंजिन]

इंजिन पंखावर असतानाच तपासून का भागत नाही? बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा कॅमेरा, पृष्ठभागच दाखवतो. आतली चीर शोधायला डिस्क सुटी करून, स्वच्छ करून, वेगवेगळ्या कोनांतून अल्ट्रासॉनिक लहरी सोडाव्या लागतात. डिस्क सुटी करायची म्हणजे इंजिन उतरवा, वर्कशॉपला पाठवा, पंखा, काँप्रेसर, ज्वलनकक्ष, टर्बाईन असे भाग वेगळे करा. तपासणीला लागणारा वेळ यात सगळ्यात कमी. खरा वेळ जातो वर्कशॉपमध्ये जागा मिळेपर्यंत आणि नव्या डिस्कची वाट पाहण्यात. इतकं मोठं, इतकं अचूक फोर्जिंग करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत, आणि नव्या विमानांच्या इंजिनांनाही डिस्क तिथूनच जातात. सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीनेच सांगितलं, की इंजिन उतरवल्यापासून परत बसवेपर्यंत 250 ते 300 दिवस लागतील आणि 2024 ते 2026 या काळात सरासरी 350 विमानं जमिनीवर राहतील.

भारतात ए320 दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं, म्हणजे वर्षाला 2,000 च्या आसपास सायकल. त्यात आपली उष्णता आणि धूळ. युरोपातल्या एखाद्या इंजिनाआधी आपलं इंजिन तपासणीला येणारच.

[दृश्य: मुंबई विमानतळ]

गोएअर, नंतरचं गो फर्स्ट, तोवर टिकलंच नाही. निम्म्याच्या आसपास विमानं उभी असताना कंपनीने 2 मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि इंजिनं न मिळाल्याचं कारण दिलं. प्रॅटने हा आरोप फेटाळला, थकबाकीकडे बोट दाखवलं. जानेवारी 2025 मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला. मधल्या काळात भाडेपट्टी कंपन्यांना आपली 54 विमानं परत नेता येईनात. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती सुटली. 2025 मध्ये संसदेने विमानांवरच्या हक्कांबाबत कायदा केला, त्यामागे हा अनुभवही होता.

इंडिगोची 2024 च्या सुरुवातीला 70 हून जास्त विमानं उभी होती. मोठ्या ताफ्यामुळे कंपनी तगली. जुन्या ए320 चे भाडेपट्टे वाढवले, परदेशी कंपन्यांकडून वैमानिकांसह विमानं घेतली. हा उपाय महागडा आहे: जुनं इंजिन जास्त इंधन खातं, आणि उसनं विमान उडालं तरी आपलं उभं विमान खर्च करतच राहतं. 2019 मध्येच इंडिगोने पुढच्या 280 विमानांसाठी सीएफएम या दुसऱ्या कंपनीची लीप इंजिनं मागवली होती. तो निर्णय शहाणपणाचा ठरला.

आमच्या मते खरेदीच्या वेळी चूक इथे झाली: इंधनाची बचत टक्क्यात मोजली, पण सुटी इंजिनं किती मिळतील आणि वर्कशॉपमध्ये जागा कधी मिळेल, हे तितक्या कसोशीने विचारलं नाही.

आता प्रॅटने उष्ण भागांसाठी हॉट सेक्शन प्लस नावाचा सुधारित संच आणलाय. इंजिन जास्त काळ पंखावर टिकावं यासाठी तो आहे, आणि तो आधीच्या इंजिनांतही बसतो. त्यासाठीही इंजिन उघडावं लागतं. त्यामुळे डिस्कच्या तपासणीसाठी खोललेल्या इंजिनात तो त्याच खेपेला बसवायचा, की संच हातात येईपर्यंत आणखी काही आठवडे विमान उभं ठेवायचं, हा हिशेब विमान कंपन्यांना प्रत्येक इंजिनासाठी वेगळा मांडावा लागतोय.