५१२ की २०४८?

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. जुन्या वर्कस्टेशनला, म्हणजे प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या त्या काळच्या ताकदवान संगणकाला, बाहेरून सीडी ड्राइव्ह कसा जोडायचा, एवढाच आजचा विषय. रविवारी सकाळी हे ऐकायला इतकी माणसं येतील असं संयोजकांनाही वाटलं नसावं, कारण खुर्च्या कमी पडल्यात. समोर मला दोन तऱ्हेची मंडळी दिसतात. काही जण मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून सन नाहीतर सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांची अशी पेटी उचलून आणणारे हौशी आहेत. बाकीचे प्रयोगशाळांतले आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने ही हौस नाही, नोकरी आहे.

त्या नोकरीवाल्यांचं दुखणं आधी सांगतो, म्हणजे हौशी लोकांना कळेल की हा नुसता खेळ नव्हे. नव्वदच्या दशकात घेतलेलं एनएमआर यंत्र असतं, मोठ्या चुंबकाच्या मदतीने रेणूंची रचना तपासणारं. व्हेरियनची यंत्रं सनच्या वर्कस्टेशनवरून चालत, ब्रुकरची सिलिकॉन ग्राफिक्सच्या. चुंबक नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्या शेजारच्या संगणकातली हार्ड डिस्क मात्र एके दिवशी करकरते आणि बसते. नवी डिस्क मिळवता येते. सॉफ्टवेअरच्या सीडी कपाटात असतात, हिरव्या नाहीतर जांभळ्या पाकिटात, प्रोफेसरांच्या सहीसकट. पण यंत्राला यूएसबी नाही, आत सीडी ड्राइव्ह नाही, आणि मूळचा बाहेरचा ड्राइव्ह कुठल्या तरी स्थलांतरात गडप झालेला. मग कुणीतरी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करतं, कुणीतरी भंगारातून एक स्कझी ड्राइव्ह (स्कझी म्हणजे SCSI, डिस्क, सीडी वगैरे एका साखळीत जोडायची जुनी पद्धत) आणतं, जोडतं, दिवा लागतो, सीडी फिरते आणि यंत्र म्हणतं, बूट होत नाही, म्हणजे सीडीवरून सुरू होत नाही. ड्राइव्ह खराब ठरतो आणि पुन्हा भंगारात जातो.

माझं म्हणणं असं की यातले बरेचसे ड्राइव्ह ठणठणीत असतात. यंत्र त्यांच्याकडे जे मागतंय ते देण्यासाठी त्यांना कुणी लावूनच दिलेलं नसतं.

सीडीवरचा डेटा २०४८ बाइटच्या ब्लॉकमध्ये असतो. पीसीच्या जगात सीडी म्हटलं की २०४८, त्यावर कुणी विचारही करत नाही. पण सनच्या स्पार्कस्टेशनमधला बूट प्रॉम, म्हणजे पेटी सुरू होताच आधी जागा होणारा प्रोग्रॅम, लहानसा आणि काटकसरी. त्याच्या लेखी सीडी म्हणजे आणखी एक डिस्क, आणि डिस्कचा ब्लॉक ५१२ बाइटचा. तो पहिला ब्लॉक मागतो, त्यात डिस्कचं लेबल शोधतो, आणि त्या ५१२ बाइटच्या शेवटाकडे एक ठरलेली खूण आहे का ते बघतो. ड्राइव्ह जर २०४८वर लावलेला असेल, तर एका ब्लॉकच्या मागणीला तो चौपट माल आणून ओततो. पुढची मागणी आणखी गोंधळ करते. प्रॉम ४ क्रमांकाचा ब्लॉक (मोजणी शून्यापासून) मागतो तेव्हा त्याला २०४८व्या बाइटपासूनचा मजकूर हवा असतो, चार गुणिले ५१२. ड्राइव्ह चार गुणिले २०४८ करून ८१९२व्या बाइटवर जाऊन बसतो. मग पडद्यावर ‘बॅड मॅजिक नंबर इन डिस्क लेबल’ किंवा ‘कान्ट रीड डिस्क लेबल’ असलं काहीतरी उमटतं. वाचणाऱ्याला वाटतं सीडीच बिघडली. सीडी बिचारी धडधाकट असते.

यातली खरी फसवणूक पुढे आहे. हाच ड्राइव्ह चालू असलेल्या सोलारिसखाली, म्हणजे सनच्या ऑपरेटिंग सिस्टीमखाली, सुरळीत वाचतो. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, वर आला की त्याचा ड्रायव्हर ड्राइव्हशी बोलून ब्लॉकचा आकार सांभाळून घेतो. प्रॉमला ते शहाणपण नाही. म्हणून ‘काल तर चालत होता, आज बूट का होत नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते खोटं बोलत नसतात. दोन वेगळे प्रोग्रॅम दोन वेगळ्या तऱ्हेने तोच ड्राइव्ह वापरत असतात.

उपाय म्हणजे चालू होतानाच ५१२ देणारा ड्राइव्ह. सनचं किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचं लेबल असलेला ड्राइव्ह सापडला तर प्रश्नच नाही, तो कारखान्यातूनच तसा लावून आलेला असतो. आत बहुधा तोशिबा किंवा सोनी निघतो. नुसता सुटा ड्राइव्ह असेल तर मागच्या जंपरच्या, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या बारक्या टोपणांच्या, रांगेकडे बघा. प्लेक्स्टरच्या बऱ्याच ड्राइव्हवर ‘ब्लॉक’ असं चक्क छापलेलं असतं. काही जुन्या तोशिबांत जंपरच नसतो. सर्किटवरच्या दोन बारीक पट्ट्या कापाव्या किंवा सोल्डरने जोडाव्या लागतात, आणि ते काम भिंग लावून, चहा पिण्याआधी करायचं. विकत घेताना दुकानदाराला वेग विचारू नका. बत्तीसपट असला काय आणि चौपट असला काय, इन्स्टॉलेशन एकदाच व्हायचं आहे. विचारायचं ते फक्त ५१२चं. त्याला माहीत नसेल, तर ड्राइव्ह पालथा करून स्वतः बघायचं.

आता यंत्राला विचारायची पद्धत. सनच्या कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकत्र दाबा, की ‘ओके’ असा प्रॉम्प्ट येतो. पहिल्या पिढीच्या प्रॉमवर नुसतं ‘>’ चिन्ह दिसतं. तिथे एन टाइप करून एंटर दाबायचं, मग ओके येतं. कीबोर्ड नसेल तर सिरियल पोर्टला टर्मिनल जोडा, ९६०० बॉडवर, आणि ब्रेक पाठवा. तिथे ‘प्रोब-स्कझी’ टाइप करायचं. नंतरच्या प्रॉमवर यंत्र आधी बजावतं की मधूनच थांबवून हे केलंत तर मी अडकेन, आधी रिसेट करा. ते ऐका. ऑटो-बूट बंद करून ‘रिसेट-ऑल’ द्या आणि मग प्रोब करा. उत्तर असं येतं: टार्गेट ३, युनिट ०, डिस्क, सीगेट अमुकतमुक. टार्गेट ६, युनिट ०, रिमूव्हेबल रीड ओन्ली डिव्हाइस, तोशिबा. ही दुसरी ओळ आली की तारा, वीज आणि पत्ता बहुतांशी ठीक. ती ओळ न येताच ड्राइव्हला दोष देणं म्हणजे दाराची कडी न वाजवता घरी कुणी नाही म्हणून परत येणं. सिलिकॉन ग्राफिक्सच्या पेटीवर हेच काम ‘एचइन्व्ह’ करतं.

टार्गेट म्हणजे स्कझीच्या साखळीवरचा त्या उपकरणाचा पत्ता, आणि सीडीला सहा ही सनची जुनी रीत आहे. ३ वर पहिली डिस्क, १ वर दुसरी, ४ वर टेप, ६ वर सीडी, आणि ७ स्वतः यंत्राकडे. ‘बूट सीडीरॉम’ म्हटलं की प्रॉम सहावर जातो. अगदी जुन्या प्रॉमवर ‘बी एसडी(०,६,२)’ असं हातानं लिहावं लागतं. त्यातला सहा म्हणजे पत्ता आणि दोन म्हणजे सीडीवरचा तुमच्या जातीच्या यंत्रासाठी ठेवलेला भाग. सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडीसारख्या पेट्यांवर सीडी ४ वर ठेवायचा प्रघात होता.

पत्ता लावायच्या तीन पिना असतात, किमती १, २ आणि ४. सहा हवा तर २ आणि ४ वर जंपर. बाहेरच्या बॉक्समध्ये या पिनांवर एक बारीक तारांची वेणी येते आणि ती मागच्या बटणाला जाते. एका गृहस्थांनी आणलेल्या बॉक्सचं बटण सहा दाखवत होतं आणि प्रॉमला ड्राइव्ह एकावर सापडत होता. झाकण उघडलं तर वेणी चुकीची बसवलेली: ४ची तार पत्त्याशी संबंध नसलेल्या भलत्याच पिनेवर आणि २ची १वर. बटणावर विश्वास ठेवू नका, प्रॉमवर ठेवा. आणि एक गंमत लक्षात ठेवा: तोच एक ड्राइव्ह प्रत्येक टार्गेटवर दिसायला लागला तर भुताटकी नाही, त्याचा पत्ता चुकून ७ वर, म्हणजे यंत्राच्याच पत्त्यावर लागलाय.

टर्मिनेशनवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथलं दुखणं सोंग घेऊन येतं. स्कझीच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, म्हणजे सिग्नल टोकाला आदळून परत येऊ नये म्हणून लावलेले रोध, मध्ये कुठेही नको. सनच्या डेस्कटॉप पेट्यांत एक टोक आतल्या आत झालेलं असतं. दुसरं टोक म्हणजे शेवटच्या बॉक्सचं रिकामं कनेक्टर, त्यात टर्मिनेटरचा ठोकळा घालायचा. टर्मिनेटर नसला तर प्रोब अनेकदा तरीही नीट उत्तर देतो! केबल आखूड असली तर बूटही होतं. आणि मग इन्स्टॉलेशन अर्ध्यावर, एखाद्या मोठ्या फाइलच्या मध्यात, लटकतं. लोक सीडी पुसत बसतात. उलटा प्रकारही तितकाच होतो: ड्राइव्हवर टर्मिनेटरचा जंपर लावलेला, शिवाय बॉक्सच्या मागे ठोकळा. एकाच टोकाला दोन. सक्रिय टर्मिनेटरचा रोध ११० ओहम, असे दोन समांतर आले की ५५, आणि सिग्नल दमतो. बॉक्समध्ये ड्राइव्ह बसवताना त्याच्यावरचा जंपर काढा आणि बाहेरचा ठोकळा ठेवा, म्हणजे काय लावलंय ते डोळ्यांना दिसतं. ठोकळा घ्यायचाच तर सक्रिय घ्या. जुना २२०-३३० ओहमचा निष्क्रिय ठोकळा साध्या वेगाला चालतो, पण किमतीत फार फरक नाही.

केबलची लांबी एकूण सहा मीटर, आणि फास्ट स्कझीवर तीनच. यात बॉक्सच्या आतली पट्टीही धरायची. टेबल लांब असलं तर टेबल सरकवा.

कनेक्टरांचा विषय थोडक्यात आटोपतो. स्पार्कस्टेशनच्या मागे बारीक पिनांचं ५० पिनी असतं, बॉक्सला बहुधा प्रिंटरसारखं मोठं ५० पिनी. अशी केबल मिळते. सनच्या अल्ट्रा २ सारख्यांच्या मागे ६८ पिना, तिथे अडॅप्टर घ्यायचा तो वरचे आठ डेटा सिग्नल टर्मिनेट करणारा. अल्ट्रा ५ आणि १० मध्ये आतला ड्राइव्ह स्कझी नसून पीसीसारखा आयडीईच आहे, त्यांचे मालक आता निवांत बसू शकतात. एक धोका मात्र ठासून सांगतो. एचपीच्या काही वर्कस्टेशनवर हाय व्होल्टेज डिफरन्शियल नावाचं स्कझी असतं. कनेक्टर दिसायला तसंच. त्याला साधा ड्राइव्ह जोडलात तर काहीतरी जळू शकतं. पोर्टाजवळचं चिन्ह वाचल्याशिवाय तिथे हात घालू नका.

वीज. यातले कितीतरी बॉक्स अमेरिकेतून आलेले असतात आणि मागे ११५-२३० असा लाल स्विच असतो. आपल्याकडे तो ११५ वर असताना प्लग लावला की मोठा आवाज होतो आणि वास येतो, पुढचं सांगायला नको. पेनाच्या टोकाने तो २३० वर आणा. स्कझीची केबल यंत्र चालू असताना काढघाल करू नये. टर्मिनेटरला वीज पुरवणारा फ्यूज बऱ्याच पेट्यांत बोर्डावरच असतो. तो गेला की निदान करता करता संध्याकाळ होते. आधी बाहेरचा बॉक्स चालू करायचा, मग यंत्र.

जाता जाता एक. सीडी सापडली तरी सन म्हणेल ‘आयडीप्रॉम कन्टेन्ट्स आर इनव्हॅलिड’. ते ड्राइव्हचं नाही. घड्याळाच्या चिपमध्ये बंदिस्त बॅटरी असते, ती संपलीय आणि तिच्याबरोबर इथरनेटचा पत्ताही गेलाय. तो वेगळा आजार, त्याचं व्याख्यान वेगळं.

सीडी स्वतः लिहिणार (बर्न करणार) असाल तर सीडी-आर वापरा, सीडी-आरडब्ल्यू नको. आरडब्ल्यूवरून परत येणारा प्रकाश छापील सीडीच्या मानाने फारच कमी असतो, आणि १९९७ च्या आसपास आरडब्ल्यूही वाचू शकणारे ‘मल्टीरीड’ ड्राइव्ह येण्यापूर्वीच्या ड्राइव्हना तो पुरत नाही. संपूर्ण डिस्क एका दमात, सावकाश लिहा. आपल्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या ड्राइव्हचं भिंग कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फार दाबू नका. ट्रे बाहेर येत नसेल तर मोटार बघण्याआधी रबरी पट्टा बघा. तो सैल होतो.

मधल्या रांगेतून चिठ्ठी आलीय: ‘आता एसडी कार्डवरून सीडीचं सोंग घेणारे बोर्ड मिळतात, मग ड्राइव्ह हवाच कशाला?’ बरोबर आहे. ब्लूस्कझी, झुलूस्कझी, स्कझी२एसडी ही त्यातली नावं. कार्डावर सीडीची प्रतिमा, म्हणजे सगळ्या सीडीची जशीच्या तशी प्रत, ठेवायची, आणि बोर्ड यंत्राला सांगतो की मी सीडी आहे. ब्लॉकचा आकार सेटिंगमध्ये देता येतो, कापाकापी नको. नेटवर्कवरूनही बूट करता येतं, ‘बूट नेट’ म्हणून. पलीकडच्या यंत्रावर आरएआरपी, टीएफटीपी, बूटपॅरॅम्स आणि एनएफएस या नेटवर्क-सेवा उभ्या करायची तयारी हवी. इन्स्टॉलेशनला मी आज बोर्डच सुचवीन. भंगारातल्या ड्राइव्हचं ते दमलेलं लेसर विनाकारण का झिजवायचं?

पण कार्डावर ठेवायची प्रतिमा येणार कुठून? कपाटातल्या त्या पाकिटातून. आणि तिथेच प्रयोगशाळावाल्यांना ड्राइव्ह लागणार. सनच्या बऱ्याच सीडींवर यूएफएस नावाची फाइल-सिस्टीम (फाइली मांडायची पद्धत) असते, सिलिकॉन ग्राफिक्सच्या सीडींवर ईएफएस. विंडोजला त्या रिकाम्या किंवा बिघडलेल्या दिसतात, म्हणून कुणी फेकायची नाही. फाइल-सिस्टीम न कळताही चालतं. लिनक्सच्या साध्या पीसीवर ‘डीडी’ या कमांडने ब्लॉकमागून ब्लॉक उतरवून घ्या. तिथे ब्लॉक २०४८चाच ठेवायचा, कारण हा पीसीचा ड्राइव्ह आहे. दोन वेगळ्या ड्राइव्हवर दोन प्रती काढा आणि चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवा. जुळले नाहीत तर तिसऱ्या ड्राइव्हवर. काम अर्ध्या दुपारचं आहे, आणि ते हार्ड डिस्क करकरायच्या आधी करायचं आहे. प्रोफेसरांची सही असलेलं पाकीटही स्कॅन करून ठेवा, कारण लायसन्सचा क्रमांक बहुधा त्याच्यावरच पेनानं लिहिलेला असतो.