वाघ दिसणार नाही, तरी येता का?

[दृश्य: तपासणी नाका, आडवा दांडा, थांबलेल्या गाड्या]

नामचिक. नमदाफाच्या जंगलाकडे जाताना इथे आसाम संपतो आणि अरुणाचल प्रदेशचा चांगलांग जिल्हा सुरू होतो. नाक्यावरचा पोलीस खिडकीतून डोकावतो आणि एकच शब्द बोलतो, ‘परमिट?’ तुम्ही ठाण्याचे असा नाहीतर दिल्लीचे, इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरायला लागणारा परवाना, दाखवल्याशिवाय दांडा वर होत नाही. परमिट आता ऑनलाइन निघतं. फक्त ओळखपत्रावर नाव जसं आहे तसंच अर्जात भरायचं. लाडाचं नाव, माहेरचं आडनाव असले घोळ इथे नकोत.

ठाण्याहून इथवर यायचं कसं? विमानाने कोलकाता किंवा गुवाहाटीमार्गे दिब्रुगढ. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दिब्रुगढला थेट रेल्वेही आहे, पण डब्यात अडीच दिवसांहून जास्त काढायची तयारी हवी. पुढे गाडीने तिनसुकिया, मग दिगबोई. इथला तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ पासूनचा. मग मार्गेरिटा आणि लेडो. दुसऱ्या महायुद्धात चीनकडे निघालेला स्टिलवेल रस्ता लेडोहूनच सुरू झाला. चहाचे मळे मागे पडतात, नामचिकचा नाका येतो, खारसांग येतं आणि शेवटी मियाओ. घरी फोन करायचा असेल तर तो मियाओतच करून घ्यावा.

[दृश्य: नोआ-दिहिंगचं पात्र, पलीकडे जंगलाची भिंत]

हे नमदाफा. १,९८५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आणि १९८३ पासून व्याघ्र प्रकल्पही. नदीकाठी उंची जेमतेम दोनशे मीटर, आणि याच उद्यानात दाफा बूमचं शिखर ४,५७१ मीटरवर. तळाशी पर्जन्यवन, माथ्यावर बर्फ. विषुववृत्तापासून इतक्या उत्तरेला सखल प्रदेशातलं सदाहरित पर्जन्यवन जगात फार कमी ठिकाणी टिकून आहे.

देबानच्या विश्रामगृहापर्यंत गाडी येते. त्यानंतर होडीने नदी ओलांडायची आणि चालायला लागायचं. हल्दीबाडी, हॉर्नबिल, बुलबुलिया ही मुक्कामांची नावं. मुक्काम म्हणजे झाडीतली मोकळी जागा. तंबू, तांदूळ, पातेली, सगळं माणसांच्या पाठीवरून येतं. वाटेत होलॉन्गची झाडं. घोडबंदर रोडवरची चौदा-पंधरा मजली इमारत जेवढी, तेवढा एकेक वृक्ष. खालून शेंडा दिसतच नाही. राजधनेश डोक्यावरून जातो तेव्हा पक्षी दिसायच्या आधी पंखांचा आवाज येतो. सकाळी हूलॉक गिबनची जोडी ओरडायला लागते. भारतात सापडणारा हा एकमेव कपी, शेपूट नसलेला. आणि १९८१ साली देबानजवळ मिळालेल्या एकाच नमुन्यावरून शास्त्राला कळलेली उडती खार याच जंगलाचं नाव लावते.

जळवांबद्दल वेगळं सांगायला हवं. आंबोलीत पावसात फिरलेल्यांना त्या ठाऊक आहेत. इथे त्या पानांच्या टोकावर उभ्या राहून वाट बघतात आणि बुटाच्या नाडीच्या भोकातून आत शिरतात. चावल्याचं कळत नाही, मोजा ओला लागतो तेव्हा कळतं.

[दृश्य: नौपाडा, रविवार सकाळ. सोसायटीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रोजेक्टर]

आता हे जंगल विकायचं कसं?

ठाण्यातल्या एका छोट्या सहल-संस्थेची ही प्रवासपूर्व बैठक. चहा आहे, बटाटेवडे आहेत आणि प्रश्न आहेत. टॉयलेट वेस्टर्न आहे का? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालेल का? मग पहिल्या रांगेतल्या काकू विचारतात, ‘दादा, वाघ दिसतोच ना?’

‘काकू, वाघ दिसणार नाही. तो विसरूनच या,’ सहल नेणारा दादा सांगतो.

हॉलमध्ये चुळबूळ होते. इथल्या बऱ्याच जणांनी ताडोबा केलंय, आणि जिप्सीत बसलं की वाघ दिसतो हा हिशेब डोक्यात पक्का आहे. माहितीपत्रकं तर एकाच जंगलात वाघ, बिबट्या, ढगाळ बिबट्या आणि हिमबिबट्या असं सांगून मोकळी होतात. यादीत नाव असणं वेगळं आणि डोळ्यांना दिसणं वेगळं. संशोधकांनी झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांपुढेसुद्धा इथला वाघ क्वचितच येतो. या मांजरकुळातल्या प्राण्यांचे फोटो दाखवून लोक आणले तर ते हात हलवत परत जातील आणि चार जणांना सांगतील, ‘काही नाही तिथे.’ अशी जाहिरात न केलेली बरी.

जानेवारीत याच जिल्ह्यात नामपोंगला पांगसाऊ खिंडीचा महोत्सव भरतो. नाच, गाणी, खाणं, गर्दी. छान असतो. पण महोत्सवाला आलेला माणूस जंगलात शिरेलच असं नाही.

[दृश्य: ऐरोली, खाडीतली होडी, दूरवर रोहित पक्षी]

बाहेरचे लोक एखाद्या जागेकडे कसे वळतात, हे आपण घराजवळच पाहिलंय. खाडी म्हटलं की नाकाला रुमाल लावणारे आपण. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. पण लोकांना पक्षी दाखवले ते होडीने. ऐरोलीच्या केंद्रातून होडी भरतीची वेळ बघून सुटते. तुमची सुट्टी, तुमचं जेवण, तुमची लोकल याचं तिला घेणंदेणं नाही. ठाणेकर, नवी मुंबईकर निमूटपणे भरतीचं वेळापत्रक बघून निघायला शिकले.

नमदाफालाही तेच लागतं. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पहाटे उठायचं. नोव्हेंबर ते मार्च एवढाच काळ, कारण पुढे पाऊस रस्ता खातो.

आणि रस्त्याचं म्हणाल तर तो फक्त पर्यटकांचा प्रश्न नाही. देबानवरून जंगल कापत तो विजयनगरला जातो. मियाओपासून १५७ किलोमीटर, तीन बाजूंना म्यानमार. तिथली लिसू जमातीची कुटुंबं आणि आसाम रायफल्सच्या निवृत्त सैनिकांची घरं वर्षानुवर्षं मीठ-साखर पाठीवरून नेत आली. आजारी माणसाने हेलिकॉप्टरची वाट बघायची. शहरातून आलेला हौशी प्रवासी म्हणतो, रस्ता कच्चाच राहू दे, मजा जाईल. चार दिवसांच्या मजेसाठी दुसऱ्याच्या बाळंतिणीने चिखलातून जायचं, हे काही पटत नाही. रस्त्यामागोमाग शिकारी आणि लाकूडतोडे येतात, हेही खरं. वनखातं आणि गावं यांच्यातला हा ताण जुना आहे. आठवडाभर आलेल्या पाहुण्याने त्यात निकाल देऊ नये.

पाहुण्याच्या हातात आहे ते एवढंच, की पैसे कुठे टाकायचे. वाटाड्या लिसू असावा, ओझं उचलणारे गावचे असावेत, मियाओत मुक्काम स्थानिक घरात असावा. सिंगफो जमातीच्या घरात बांबूच्या नळीत धुरावलेला चहा मिळतो. त्यात दूध मागू नका.

[दृश्य: पुन्हा हॉल. खुर्च्या कमी भरलेल्या]

मध्यंतरानंतर काही जण परतत नाहीत. काकू मात्र बसून आहेत, बुटांचा नंबर विचारून घेताहेत. दादा सांगतो, एका तुकडीत आठच माणसं. त्याहून जास्त नेली तर तंबू आणि शिधा उचलायला तेवढेच जास्त हमाल, आणि मग जंगलात जत्राच.

मागच्या रांगेतले बँकेतून निवृत्त झालेले काका मनातल्या मनात हिशेब करतात. ‘आठ माणसांत तुम्हाला परवडतं कसं?’

‘नाही परवडत, काका. केरळच्या सहलीतून भरून काढतो.’